फ्लॅट बघायचा कार्यक्रम

मनामाच्या नईम भागातल्या आमच्या घराला तीन खिडक्या आहेत आणि तिन्हींतून शेजारच्या इमारतीची एकच भिंत दिसते. पहिलीतून तिचा डावा भाग, दुसरीतून मधला, तिसरीतून उजवा. इतकी वर्षं ती बघून मला तिच्यावरचा प्रत्येक एसी आणि प्रत्येक एसीखालचा ओघळ पाठ झालाय. बाहेर बहरीनचं ऊन डोकं फोडत असतं आणि आत मी भर सकाळी ट्यूबलाइट लावून तांदूळ निवडते. मागे हाडं फार दुखायला लागली म्हणून सलमानियाच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवलं, तर डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून विचारलं, तुम्ही ऊन नसलेल्या देशातून आलात का? मी म्हटलं, नागपूरहून आले. त्यांना नागपूर माहीत नव्हतं, म्हणून त्या हसल्या नाहीत.

आमचे मिस्टर इथल्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे सुपरवायझर आहेत. दोन वर्षांसाठी आलोय, असं त्यांनी मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. मुलगी इथंच जन्मली, इथंच शिकली, आता इथंच नोकरी करते, आणि यांची ती दोन वर्षं अजून चालूच होती. मग यंदा कंपनीनं सांगितलं की वर्षअखेरीला व्हिसा संपतोय, तो पुढे वाढणार नाही. खलास. इथला नियम साधा आहे, नोकरी आहे तोवर माणूस आहे. मुलगी तिच्या व्हिसावर राहणार होती. प्रश्न आम्हा दोघांचा होता, की आता जायचं कुठं?

मी विचारलं की हे म्हणायचे, पाहू. मला बॅगा भरायच्या होत्या. स्वेटर ठेवायचे की देऊन टाकायचे, मोठी पातेली न्यायची की नाही, हे सगळं गावावर ठरतं आणि गावाचं नाव यांच्या तोंडून निघत नव्हतं. नागपूर म्हटलं की यांचा चेहरा बंद व्हायचा. पैशाची अडचण नव्हती. यांनी नागपुरातले फ्लॅट फोनवर बघून बघून डोळे लाल केले होते, पण एकाची लिफ्ट लहान, एकाला पाणी नाही, एकाच्या समोर मंगल कार्यालय. खरं कारण मला ठाऊक होतं. यांची आई गेली तेव्हा हे पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर हे नागपुरातल्या इंदोऱ्याच्या, ज्या गल्लीत वाढले त्या गल्लीत पाऊल टाकायला तयार नव्हते. सुट्टीत गेलो तरी माझ्या माहेरी उतरायचे आणि रिक्षा लांबून वळवायला लावायचे.

अशात एक दिवस जेवताना यांनी फोन माझ्यापुढे धरला. जपानमधल्या कुठल्याशा शहरातला फ्लॅट विकायला होता. कोपऱ्याचा, दोन बाजूंना खिडक्या, आणि फरशीवर असं लख्ख ऊन पडलेलं की मला आधी ती हळद सांडल्यासारखी वाटली. नागपूर शोधता शोधता फोननं यांना जपानला कसं नेलं ते त्या फोनलाच माहीत.

“पाह्य न,” हे म्हणाले. “दोन्हीकडून उजेड आहे.”

मला वाटलं गंमत आहे. पण दुसऱ्या दिवशी यांनी त्या फ्लॅटचा नकाशा ऑफिसात मोठा छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर काचेखाली ठेवला. आम्ही त्या फ्लॅटवर जेवायला लागलो. वरणाची वाटी बाल्कनीत, ताट दिवाणखान्यात. मग हे पेन्सिलीनं फ्रिजची जागा काढायला लागले, प्लग पॉइंट कुठं असतील याचा अंदाज बांधायला लागले. जपानच काहून, असं विचारलं तर म्हणाले, बौद्धांचा देश आहे. मी म्हटलं, बौद्ध तर श्रीलंकेतही आहेत, ते जवळ पडेल. त्यावर तिथं भूकंप नाहीत, असं काहीतरी उलटंच उत्तर मिळालं. मुलीनं डोकं धरलं आणि म्हणाली, “बाबा, प्लीज.” ती मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीतच देते.

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचे एक काका-काकू राहतात. काका बँकेत आहेत. एकदा ते साखर मागायला म्हणून आले आणि काचेखालचा नकाशा बघून तिथंच बसले. आग्नेयेला बाल्कनी बघून त्यांना वाईट वाटलं, कारण तिथं स्वयंपाकघर पाहिजे. आम्ही बौद्ध माणसं, आमच्या घरात वास्तुशास्त्राचं नावही निघत नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे. पण आमच्या काळजीपोटी त्यांनी होकायंत्राचं अॅप उघडलं आणि आमच्या नईमच्या हॉलमध्ये उभं राहून जपानी फ्लॅटच्या दिशा तपासल्या. यांना राग आला. राग आल्यामुळे हे त्या फ्लॅटची बाजू घेऊन भांडायला लागले, आणि भांडता भांडता तो फ्लॅट आमचाच झाला.

काकूंनी ती बातमी इथल्या मराठी मंडळात नेली. पुढच्या आठवड्यात बुदैयाच्या शेतकरी बाजारात मी मेथी घेत होते, तर एका बाईंनी माझं अभिनंदन केलं. दुसऱ्या एकीनं विचारलं, तिकडे साबुदाणा मिळतो का? मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं काय ते मलाही कळेनासं झालं होतं, म्हणून मी म्हटलं, इंशाल्ला.

यांनी तोवर एजंटला लिहिलंसुद्धा होतं. एजंटचं उत्तर आलं की घर व्हिडिओवर दाखवू, घरमालकही हजर राहतील. शुक्रवारची वेळ ठरली, आमची सकाळ आणि त्यांची दुपार. काकू म्हणाल्या, म्हणजे बघायचा कार्यक्रमच की. त्या हे हसत म्हणाल्या, पण शुक्रवारी सकाळी पैठणी नेसून आणि पोह्यांचं पातेलं घेऊन खाली आल्या. पोहे पांढरे, वर खोबरं आणि कोथिंबीर. मी तर्री करून ठेवली होती, कारण तर्रीशिवाय पोहे हे आमच्याकडे आजाऱ्याला देतात. काकूंनी माझ्या लाल तर्रीकडे असं पाहिलं की त्या घरात तेवढं एक भांडण जपानशी संबंध नसलेलं झालं. हे लग्नाला जावं तसा इस्त्रीचा शर्ट घालून मधल्या खुर्चीवर बसले. काका त्यांच्या बाजूला बसले आणि हळूच म्हणाले, घाई करू नका, आपण मुलाकडचे आहोत.

लॅपटॉप सुरू झाला. काळ्या सुटातला एक तरुण एजंट दिसला, पायात मऊ सपाता, आणि त्यानं कमरेतून वाकून नमस्कार केला. हे उठून वाकले. मग तो पुन्हा वाकला. मग काका उठले. काकूंच्या पदराला पोह्याची डिश लागली. कुणी आधी थांबायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी मुलगी म्हणाली की आता बास, तेव्हा दोन्ही देश खाली बसले. तो इंग्रजीत बोलायचा, मुलगी आम्हाला सांगायची. आयुष्यात इतकं मराठी ती एका दिवशी बोलली नव्हती.

मग त्यानं घर दाखवलं. खरं सांगते, मला रडू आलं. तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होता आणि ऊन त्याच्या बरोबर जात होतं. ओट्यावर ऊन, भिंतीवर ऊन, बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या उशीवरही. मी मनातल्या मनात तिथं साबुदाण्याच्या पापड्या घातल्या, त्या वाळल्यासुद्धा. मला त्या घरात जायचं नव्हतं, पण असं घर माझं कधीच नव्हतं, याचा मला भयंकर राग आला.

काकांनी ईशान्येला काय आहे ते विचारलं. मुलगी विचारायला तयार नव्हती, पण विचारलं. एजंटनं अत्यंत गंभीरपणे सांगितलं की आमच्याकडेही ईशान्य दिशा जपतात, तिथं संडास नको असतो, आणि या घरात नाही. काकांनी खुर्चीचा हात थोपटला. सबंध आयुष्य या गोष्टींशी भांडलेले आमचे मिस्टर लॅपटॉपकडे असे बघायला लागले की जणू जपाननं त्यांना दगा दिला.

त्यानंतर काकूंनी मुलीकडच्यांना विचारतात तो प्रश्न विचारला, एवढं चांगलं आहे तर अजून जमलं का नाही? हे मुलीनं भाषांतरित केलं नाही, पण सूर एजंटला कळला असावा. त्यानं कॅमेरा वळवला. बाल्कनीजवळ खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, स्वेटर, चष्मा, हात मांडीवर. ते घरमालक. एजंटनं जरा कसनुसं होऊन सांगितलं की मालक येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः बघतात आणि आजवर त्यांना कुणी पसंत पडलेलं नाही. काका एकदम ताठ बसले. आपण मुलाकडचे नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

मालकांनी आमचं घर बघायला मागितलं. यांनी लॅपटॉप उचलून आमची मोठी खिडकी दाखवली. म्हातारबाबा बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिले, मग त्यांनी विचारलं की तुमच्याकडे आता रात्र आहे का? मुलीनं सांगितलं, सकाळ आहे. त्यावर त्यांनी मान इतकी खाली घातली की मला आमच्या भिंतीचा पहिल्यांदा अपमान झाल्यासारखा वाटला.

मग यांनीच विचारलं, की तुम्ही हे घर सोडून कुठं जाणार?

म्हातारबाबांनी सांगितलं की ते वर, उत्तरेला, जन्मगावी जाणार आहेत. तरुणपणी सोडलेलं गाव, तिथं आता ओळखीचं कुणी उरलं असेल असं नाही. असं म्हणून ते उठले, आतून एक खोकं घेऊन आले आणि त्यातून कागदात गुंडाळलेले टॉवेल काढून एकेक कॅमेऱ्यापुढे धरायला लागले. त्यांच्याकडे नव्या घरी राहायला गेलं की समोरच्या आणि शेजारच्या घरांची बेल वाजवायची, लहानशी भेट द्यायची आणि आपलं नाव सांगायचं, अशी रीत आहे. त्यासाठी हे टॉवेल. एजंटचा चेहरा बघून कळत होतं की हे टॉवेल प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवले जातात. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. म्हणजे म्हातारबाबाही बरीच वर्षं ‘पाहू’ म्हणत होते.

काकांनी मला हळूच विचारलं, टॉवेलबरोबर टोपी नाही का देत? काकूंनी त्यांना कोपर मारलं.

हे मात्र पुढे सरकून बसले होते. यांनी विचारलं, टॉवेल कसला असतो, सुती का? कागदावर नाव लिहायचं का? आधी उजवीकडच्या घरी जायचं की समोरच्या? मुलगी भाषांतर करत होती, एजंट भाषांतर करत होता, म्हातारबाबा एकेका प्रश्नाला नीट उत्तर देत होते, आणि फ्लॅटचं कुणी नाव काढत नव्हतं. पोहे गार झाले. मग यांनी जे विचारलं ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

“त्याले विचार, दार उघडल्यावर त्यांनी ओळखलंच नाही, तर?”

मुलीनं विचारलं. म्हातारबाबांनी टॉवेलचा कागद नीट केला आणि उत्तर दिलं. ती म्हणाली, “बाबा, ते म्हणतात, मग पुन्हा नाव सांगायचं. टॉवेल तेवढ्यासाठीच आहे. हातात काही असलं की माणूस लगेच पळून जात नाही.”

पुन्हा सगळ्यांनी वाकून नमस्कार केले आणि लॅपटॉप बंद झाला. काकूंनी विचारलं, कसं वाटलं? हे म्हणाले, सुती असतात.

आठवड्याभरात एजंटचा व्हिडिओ कॉल आला. तो इतका वाकला होता की आम्हाला फक्त त्याचा भांग दिसत होता. मालकांनी विचार केला होता. त्यांचं म्हणणं, हे गृहस्थ फार चांगले आहेत, पण त्यांनी घराबद्दल काहीच विचारलं नाही, टॉवेलबद्दलच विचारत होते. त्यांना हे घर नको असावं. तेव्हा माफ करावं.

नकार आला. ज्या फ्लॅटची किंमत कुठल्या नोटांत मोजायची तेही आम्हाला नीट माहीत नव्हतं, त्या फ्लॅटनं आम्हाला नाकारलं. हे असे खचले की ऑफिसातून आल्यावर बूटसुद्धा काढायचे नाहीत. काकू समजूत घालायला आल्या. एक गेलं तर दुसरं येईल, असं त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं. काका म्हणाले, दक्षिणमुखीच होतं, सुटलात. मंडळातून दोन फोन आले. मला हसू आवरत नव्हतं आणि यांच्याकडे बघितलं की ते आपोआप थांबायचं. कारण आता यांच्याकडे जपानही उरलं नव्हतं.

एकदा रात्रीच्या जेवणात यांनी काचेखालचा नकाशा काढून घडी केला. मी म्हटलं, एवढं काय मनाला लावून घेता? नागपुरात चार पट ऊन आहे, आणि तिथला घरमालक तुमची परीक्षा घेणार नाही. यावर हे जे बोलले ते मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

“जपानात मले कोणी ओळखलं नसतं, तर त्याचं काही वाटलं नसतं न. त्यांनी काहून ओळखावं? पण तिथं, आपल्या गल्लीत, कोणी म्हटलं कोण तुम्ही, तर मी काय करू?”

मी ताटं उचलली आणि भांडी घासत बसले. मला यांची कीव आली आणि आपण एवढी वर्षं याला रुसवा समजत होतो, याचं वाईट वाटलं.

पुढच्या शुक्रवारी हे सकाळीच बाहेर पडले. कुठं ते सांगितलं नाही. मी ट्यूबलाइट लावून डाळ निवडत होते तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर हेच. त्या दिवशीचा इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं चोपून बसवलेले, आणि काखेत मनामाच्या बाजारातल्या दुकानाची मोठी पिशवी. मी म्हटलं, चावी घरीच विसरले का?

हे म्हणाले, दार लाव. मी पुन्हा वाजवतो. तू मले ओळखत नाही, असं समज. आणि ओळखलं नाही असं म्हण, लगेच हो म्हणू नको.

मला वाटलं माणूस कामातून गेला. तरी मी दार लावलं. वरून काकू जिन्यातून डोकावत होत्या, त्यांना दिसलं की मी नवऱ्याच्या तोंडावर दार लावलं, आणि आता ही बातमीही मंडळात जाणार हे मला कळून चुकलं. बेल वाजली. मी दार उघडलं. हे दोन्ही हातांत एक टॉवेल धरून उभे होते, पांढरा, सुती, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला.

“जय भीम,” हे म्हणाले, आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं. मग म्हणाले, “आम्ही इथं राहायले आलो.”

मी सांगितल्याप्रमाणे म्हटलं, “ओळखलं नाही.”

शब्द यांचेच, पण यांचा चेहरा उतरला. यांनीच शिकवलेलं वाक्य यांना खरं वाटलं. टॉवेल धरलेले हात जरा खाली आले आणि मला वाटलं आता हे वळून जिना उतरतील. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअर नावाच्या वाण्याच्या दुकानासमोर जाऊन उभे राहतील, आणि वर्षअखेरीपर्यंत पुन्हा ‘पाहू’ सुरू होईल. मी दाराची कडी घट्ट धरली, मदत करायची नाही म्हणून. शिकवल्याच्या बाहेर मला एक अक्षर बोलायचं नव्हतं.

हे गेले नाहीत. टॉवेल पुन्हा वर धरला.

“समोरच्या ओट्यावर मशीन घेऊन बसायची न एक बाई,” हे म्हणाले. “सगळ्या गल्लीचे परकर शिवायची. तिचा मुलगा मी. ती गेली तेव्हा मले यायला उशीर झाला.”

शेवटचं वाक्य टॉवेलच्या रीतीत नव्हतं. वर काकूंचं डोकं कठड्यावरून नाहीसं झालं, त्या बहुतेक डोळे पुसायला आत गेल्या. माझ्या सासूबाईंनी माझाही पहिला परकर शिवला होता. मी हात पुढे केला आणि टॉवेल घेतला.

“तिचे का तुम्ही?” मी म्हटलं. “मग बाहेर काहून उभे? या न आत.”